झुडपाचा डोळा

४ नोव्हेंबर, सोमवार

धारवाडहून पार्सल आलं. काय काय आलं ते लिहून ठेवते.

कॅमेरा एक, काळा, गळ्यात घालायच्या पट्ट्यासकट. त्याची काचेची नळकांडी दोन, एक आखूड, एक लांब. तीन पायांची घोडी एक. चटणीपुडीचा डबा एक, तेल सुटलेला. गुंडाळायला जुने टॉवेल दोन. कुरियरचे सहाशे चाळीस आपणच द्यायचे होते, दिले. टॉवेल चांगले निघाले, धुऊन वापरात घेतले.

सोबत सुचेता वन्संची चिठ्ठी. "वहिनी, हा घरात नको. दिसला की जीव गुदमरतो. विकून टाका." बाकी काही नाही. कॅमेरा त्यांच्या यजमानांचा, पद्मनाभ भावोजींचा. ते जाऊन चार महिने होतील. त्यानंतर वन्संनी आमचा एकही फोन उचललेला नाही. शेजारणीकडे चौकशी केली की "बऱ्या आहेत" एवढंच कळतं. धाकटी बहीण आहे म्हणून हे दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा त्या आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत.

हे म्हणाले, "विकून टाक म्हणते तर टाक."

मी म्हटलं, "चालतो का ते बघितल्याशिवाय कसा विकायचा? घेणारा उद्या दारात येऊन भांडला तर?"

७ नोव्हेंबर, गुरुवार

वरच्या खोलीतली मुग्धा खाली आली होती. पुण्याची मुलगी, इथे बेंगळूरला महादेवपुऱ्यात नोकरी करते. भाडं वेळेवर देते, स्वभावाने चांगली, फक्त दिवा लावायला सांगितलं तर मोबाईलचा लावते.

"काकू, सॉलिड कॅमेरा आहे हा! विकताय कशाला?"

तिने त्यातले फोटो कॉम्प्युटरवर लावून दाखवले. भावोजींचे शेवटचे. दगड, कडे, सुकलेला ओढा, पुन्हा दगड. सगळे बघून झाले तरी एक माणूस नाही, देऊळ नाही, गायसुद्धा नाही.

"ह्याला वाइल्ड लँडस्केप म्हणतात, काकू."

"वाइल्ड म्हणजे?"

"म्हणजे अनटच्ड. माणसाने अजून वाट न लावलेलं."

जिथे कुणी दिवा लावला नाही अशा ठिकाणी हा गृहस्थ जन्मभर काय बघत होता? कधी विचारलं नाही, आता विचारायची सोय नाही. पण एक कडा डोळ्यांपुढून जाईना. खालून पाहिलं तर शाल पांघरून बसलेला म्हातारा. संध्याकाळी जपाला बसले तर तोच समोर. माळेचा मेरुमणी कधी येऊन गेला कळलं नाही.

धारवाडला गेले होते तेव्हाचं आठवलं. सकाळच्या चहाला भावोजी नवा फोटो स्टीलच्या तांब्याला टेकवून ठेवायचे आणि वन्संना त्यात काय दिसतं त्याची वाट बघायचे. वन्सं बशीतून चहा पीत म्हणायच्या, "उंट." ते म्हणायचे, "परत बघ." चहा संपेपर्यंत हेच. मला तेव्हा वाटायचं, दोघांना मूलबाळ नाही, वेळ घालवतात झालं.

१० नोव्हेंबर, रविवार

मुग्धाला रविवारी शहराबाहेर पडल्याशिवाय चैन पडत नाही. तिच्या गाडीतून देवनहळ्ळीच्या पलीकडे गेलो. हे हसले. "साठी उलटल्यावर फोटोग्राफर?" म्हटलं, तपासणी आहे, दगडाचेच फोटो काढणारा कॅमेरा दगडावरच तपासायला हवा.

प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटांच्या भिंती संपतच नाहीत. भिंत आहे, कमान आहे, आत एक बकरी. त्या संपल्यावर चहाची टपरी आणि तिच्या मागे उपड्या घातलेल्या कढईसारखा केवढा तरी मोठा खडक. इथले लोक नुसतं बंडे म्हणतात, म्हणजे खडकच. नाव नाही.

घोडी उभी केली तर टपरीवाली धावत आली. "अक्का, सर्वेवाल्या का तुम्ही?"

मी कन्नडात सांगितलं, सर्वे नाही, फोटो.

तिने छातीवरचा हात काढला. "ते तीन पायांचं दिसलं की हातातलं टाकून धावते. आज तीन पाय येतात, महिन्याने जेसीबी येतो."

तिचं नाव हेमावती. गावची पडीक जमीन आहे, हा खडक म्हणजे आसपासच्या चार घरांचं खळं. रागी, म्हणजे आपली नाचणी, कापली की इथेच झोडपतात, इथेच वाळवतात.

फोटो सगळे पांढरेफटक आले. एकात माझा अंगठा. पण दगडावर हात ठेवला होता तो अजून आठवतो, तव्यावरून भाकरी काढल्यावर तवा असतो तसा ऊबदार. वरच्या खळग्यात पाणी आणि पाण्यात एक बेडूक. हा इथवर चढला कसा?

१७ नोव्हेंबर, रविवार

परत गेलो. अंगठा आला म्हणजे तपासणी पुरी झाली असं म्हणता येत नाही.

तीनपासून बसले होते. मुग्धा गाडीत झोपली. बटण नीट चालतं का हे कळावं म्हणून मी थोड्या थोड्या वेळाने दाबत होते. चारनंतर ऊन पिवळं झालं, पावणेपाचला तिरपं झालं आणि खडकावर चेहरा उमटला.

जसा दिसला तसा लिहिते. मधली उभी भेग म्हणजे नाक. खालची कड म्हणजे ओठ, किंचित हसरे. भेगेत घाणेरीचं एक झुडूप उगवलंय, त्याची सावली बरोबर डोळ्याच्या जागी पडली, पापण्यांसकट. वारा आला तशी पापणी लवली.

हात जोडले. फोटोही काढला. आधी हात जोडले की आधी बटण दाबलं, हे मात्र आता आठवत नाही, आणि ते टोचतंय.

मुग्धाला उठवलं. "ओह वॉव! काकू, हा तर एलियन आहे!"

हेमावती खडकाच्या पायथ्याशी पसरलेली रागी पायाने सारत होती. तिने मान वर करून बघितलं. "ही? ही माझी सासू. रोज ह्या वेळेला येते, रागी नीट उलटली का बघायला. जिवंत होती तेव्हाही ह्याच वेळेला यायची."

२१ नोव्हेंबर, गुरुवार

त्या फोटोची मोठी प्रत काढून घेतली. वन्संना पाठवायचा विचार आहे. नेहमीपेक्षा महाग पडली, पण कॅमेरा चालतो याचा पुरावा घरात असावा. ह्यांच्याकडे फ्रेमला दिली. ह्यांचं दुकान चिकपेटच्या गल्लीत, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं, काचा आणि फ्रेमा. साधी लाकडी पट्टी लावा म्हणून सांगितलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी डबा घेऊन दुकानात गेले तर फोटो गल्ल्याच्या वर! सोनेरी फ्रेम, आतून लाल मखमलीची चार बोटं रुंद किनार, काचेवर कुंकू, वर मोगऱ्याचा गजरा.

"अहो, हे काय? साधी पट्टी सांगितली होती."

"देवीला साधी पट्टी?"

"देवी असं मी कुठे म्हटलं? फोटो म्हणून दिला."

"चाळीस वर्षं देवांना फ्रेमा घालतोय. आता तू मला देव ओळखायला शिकवणार?"

ह्यांचा नेम आहे, देवाची फ्रेम कुंकू लावल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. कुंकू लागलं की मग ती देवाचीच झाली. माझ्यासमोर दोन गिऱ्हाइकांनी चपला काढून नमस्कार केला, एकाने मोबाईलवर फोटो घेतला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी विनोदकुमार दुकानातला फोटो बघून घरी आले. डोळे भरून आलेले.

"वहिनी, स्वयंभू! बेंगळूरच्या इतक्या जवळ आणि आपल्या मराठी बाईला दर्शन! मंडळाच्या नव्या कॅलेंडरच्या पहिल्या पानावर हीच. खाली एक ओळ टाकतो, देवनहळ्ळीची स्वयंभू देवी. तुम्ही फक्त सरी म्हणा, हो म्हणा."

म्हटलं, आठ दिवसांत कळवते.

"विचार कसला करायचा त्यात?"

विचार असा की, ती सावली आहे म्हणावं तर मला झालेलं दर्शन मीच नाकारलं. स्वयंभू म्हणावं तर हेमावतीच्या सासूचं काय करायचं? मुग्धाचा तो परग्रहावरचा प्राणी धरला नाही तरी चालेल, पण सासू रोज येते म्हणते.

देवघरात कौल लावला. उजवं फूल पडलं तर होय. अर्धा तास बसले, एकही पडलं नाही. मग ह्यांनी पंखा लावला आणि दोन्ही पडली. हा कौल धरायचा का? कुणाला विचारायची लाज वाटते.

१ डिसेंबर, रविवार

विनोदकुमार थांबले नाहीत. कॅलेंडर माझ्या शब्दावर अडलंय, देवी थोडीच अडलीये, असं म्हणाले म्हणे. दोन गाड्या भरून मंडळाची माणसं सकाळीच गेली. हेही दुकान बंद ठेवून गेले. मी आणि मुग्धा दुपारी पोचलो.

खडक ओळखू येईना. पायथ्यापासून छातीभर उंचीपर्यंत शेंदरी ऑइलपेंट. भोवती सगळं साफ, लख्ख. नारळांची रास. पाटी: चपला काढा. गावातलेही पन्नासेक लोक आले होते. हेमावतीची रागी पोत्यांत भरून टपरीच्या मागे टाकलेली. अर्धी ओली होती, ती म्हणाली, आत गरम व्हायला लागलीये, दोन दिवसांत कोंब फुटतील.

साडेचारला सगळे आरतीची ताटं घेऊन उभे राहिले. ऊन तिरपं झालं. खडकावर भेग होती, कड होती. चेहरा नव्हता. सव्वापाच झाले. ताटातली निरांजनं दोनदा विझली. मग सूर्य खाली गेला.

मग एकजण बोलला आणि सगळे बोलायला लागले.

"विटाळ झाला."

"इथे बायका धान्य तुडवतात म्हणे. केव्हाही, कशाही अवस्थेत."

विनोदकुमार हेमावतीकडे बघत म्हणाले, "पुढच्या रविवारी शांतिहोम करू. त्यानंतर कुंपण. आत कुणी पाय ठेवायचा नाही."

गावातलेच दोघे तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "पण मी तर रोजच..." तिला पुढे बोलू दिलं नाही. मग ती माझ्याकडे बघायला लागली.

मी गाडीत येऊन बसले. खरंच विटाळ झाला असेल तर? मला काय कळतं?

घरी आल्यावर ह्यांचे हात बघितले, मनगटापर्यंत ओरखडे. हळद लावून दिली.

३ डिसेंबर, मंगळवार

दोन रात्री झोप नाही. आज मुग्धाला म्हटलं, त्या दिवशीचे सगळे फोटो लाव, तीनपासूनचे, ओळीने.

लावले. तीनला झुडपाची सावली भेगेत लपलेली. मग ती सरकत सरकत बाहेर येते, लांबते, आणि पावणेपाचला डोळा होते. एकामागून एक बघितले तर देवी डोळा उघडते आहे असंच वाटतं. पुढच्या फोटोंत मिटते.

"काकू, नो बुश, नो आय," मुग्धा म्हणाली. तेवढं इंग्रजी मला कळलं.

आणि दुसरं. फोटोच्या तळाशी, चेहऱ्याच्या हनुवटीखाली, रागी पसरलेली आहे. रागीत हेमावतीचे पाय. पायात निळ्या रबरी चपला. देवी बघते आहे ती थेट त्यांच्याकडे. दुकानातल्या फोटोत हे कसं नाही? मग लक्षात आलं. चार बोटं मखमल.

जेवताना ह्यांना विचारलं, "खडकावरचं झुडूप कुणी तोडलं?"

"मी. दुकानातला कोयता नेला होता. देवीच्या तोंडावर घाणेरी ठेवायची?" वरणभात कालवता कालवता थांबले. "का?"

मी ताटाशेजारी मुग्धाचा कॉम्प्युटर ठेवला. ह्यांनी सगळे फोटो बघितले. मग हात धुऊन उठले. भात तसाच राहिला. आमच्या घरात पानात टाकायची पद्धत नाही.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी मी गल्ल्यावरची फ्रेम उतरवून पिशवीत घातली. ह्यांनी पाहिलं. स्क्रू-ड्रायव्हर आणि पकड खिशात घालून मुग्धाच्या गाडीत येऊन बसले.

तिथे होम पेटला होता. कुंपणाचे सिमेंटचे खांब येऊन पडले होते. हेमावती टपरी बंद करून दाराशी बसलेली. पोत्यांतून आंबूस वास येत होता.

मी विनोदकुमारांना म्हटलं, "कुंपणाच्या आधी हे बघा," आणि छापून आणलेले फोटो ओळीने चटईवर मांडले. लोक वाकून बघायला लागले. चार लोकांत बोलायची सवय नाही, हळदीकुंकवातसुद्धा मी पान-सुपारीच वाटते.

"हा डोळा. हे झुडूप. झुडूप तोडलं, डोळा गेला. विटाळ नाही."

विनोदकुमार म्हणाले, "म्हणजे वहिनी, देवी नव्हतीच म्हणता? सावली होती?"

हाच प्रश्न मला तीन आठवडे छळत होता. आणि तिथे उभी असताना उत्तर आपसूक आलं, मी शोधलं नाही.

"मला दिसली, मी हात जोडले. नव्हती कशी म्हणू? पण तिचा डोळा त्या झुडपात होता. ज्याने झुडूप तोडलं त्याने डोळा काढला. हेमावतीने नाही."

"तिने तिथे चपला घालून..."

तेव्हा हे पुढे आले. पिशवीतून फ्रेम काढली, खडकावर उपडी ठेवली, मागचे खिळे पकडीने काढले. मखमलीची किनार सोडवून फोटो वर धरला. खालची रागी बाहेर आली, हेमावतीचे पाय आले, निळ्या चपला आल्या.

"देवी प्रसन्न होती त्याच दिवशीचा फोटो आहे," हे म्हणाले. "रागी आहे. चपला आहेत. मीच झाकल्या होत्या, फ्रेम भरीव दिसावी म्हणून." मग हात पुढे केले, ओरखडे अजून आहेत. "आणि कोयता माझा."

मागून कुणीतरी हसलं. कन्नडात म्हणालं, "देवी नाही रे, ही हेमीची सासू आहे." गावातल्या एका म्हातारीने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "होय की. तशीच नाक उडवतेय."

विनोदकुमारांनी उपरणं झटकलं. होम मधेच सोडता येत नाही म्हणून पुरा केला, प्रसाद वाटला, हेमावतीलाही दिला, पण तिच्याकडे न बघता. खांब उचलायला गाडी उद्या येईल म्हणाले.

हेमावतीने पोती ओतली. थोडी रागी काळी पडली होती. ह्यांनी चपला काढून, मग तिच्याकडे बघून पुन्हा घालून, पायाने रागी पसरायला मदत केली. पसरता येत नाही त्यांना. सगळी एका जागी करत होते.

२२ डिसेंबर, रविवार

विनोदकुमारांचा फोन. कॅलेंडरसाठी तोच फोटो हवा, पण खालचं कापून. ओळ न टाकता.

म्हटलं, "कापून नाही देत."

"मग त्यात आहे काय वहिनी? रागी आणि चपला?"

"हो."

कॅलेंडरवर गुलाब येणार असं कळलं.

१२ जानेवारी, रविवार

गेलो होतो. ऑइलपेंट काही निघत नाही, हेमावतीने रॉकेलनेही घासून बघितलं. एक-दोन नारळ अजून कुणीतरी ठेवून जातं, ती चटणीत घालते. चहा मात्र आमच्याकडून पैसे न घेता दिला, मग मुग्धाने बिस्किटं जास्त घेतली.

भेगेतल्या खुंटाला फूट आली आहे, नखाएवढी. ह्यांनी बाटलीतलं पाणी घातलं. घाणेरीला कुणी पाणी घालत नाही.

ऊन तिरपं झाल्यावर एकच फोटो काढला. रागी उचलून नेलेली, खडक मोकळा. सावल्या आता दुसरीकडेच पडतात. आधी हात जोडले, मग बटण दाबलं. ह्या वेळी नीट लक्ष ठेवलं.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

साध्या लाकडी पट्टीच्या फ्रेममध्ये परवाचा फोटो आला. किनार नाही, कुंकू नाही. टॉवेलात गुंडाळला, वन्संच्याच. सोबतच्या पत्राची नक्कल इथे उतरवून ठेवते.

प्रिय सुचेता वन्सं यांस,

तुंगाचा नमस्कार. सोबत तिळगूळ, आणि आपल्या इकडचं एळ्ळू-बेल्ल डब्यात. डबा तुमचाच आहे. तुमचे दादा खुशाल आहेत, हाताचे ओरखडे बरे झाले, कसले ते भेटीत सांगेन.

कॅमेरा विकलेला नाही. तपासणी चालू आहे. अजून उन्हाळ्यातलं ऊन आणि पावसाळ्यातलं ढगाळ राहिलंय, घाईने विकून नाव खराब नको.

एक फोटो पाठवते आहे. खाली काही लिहिलेलं नाही. इथल्या एका बाईला त्यात एक दिसलं, वरच्या मुलीला दुसरं, तुमच्या दादांना काहीच दिसलं नाही म्हणतात, पण बघत बराच वेळ होते. मला काय दिसलं ते सांगणार नाही.

सकाळी चहाला तांब्याला टेकवून ठेवा. चहा संपेपर्यंत बघा. पत्ता घातलेलं आणि तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलंय, तेव्हा सबब चालणार नाही. एक शब्द लिहिलात तरी पुरे. चुकला तर मी लिहीन, परत बघा.

काय दिसलं ते उलट टपाली कळवा.